घरातील आग : नागपूरकर कुटुंबांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळा चढू लागला की नागपुरात अग्निशमन दलाच्या गाड्यांचे भोंगे ऐकू येऊ लागतात आणि मग दोन-चार दिवस पानठेल्यापासून सोसायटीच्या बैठकीपर्यंत आगीचीच चर्चा चालते. त्या चर्चांत पुन्हा पुन्हा निघणारे प्रश्न येथे घेतले आहेत. उत्तरे राहत्या घरापुरती आहेत. कारखाने, गोदामे आणि रुग्णालये यांचे नियम निराळे आहेत.

घराला आग लागल्यास बाहेर पडण्यासाठी किती वेळ मिळतो?

बहुतेकांच्या समजुतीपेक्षा फारच कमी. पूर्वीच्या घरात कापसाची गादी, सुती पडदे आणि सागवानी कपाट असे. आज गादीत आणि सोफ्यात फोम असतो, पडदे कृत्रिम धाग्यांचे असतात आणि कपाट दाबलेल्या भुशाच्या फळ्यांचे असते. फोम आणि कृत्रिम धागे खनिज तेलापासून तयार होतात आणि ते पेटतातही तसेच. आगीची उष्णता प्रथम छताखाली साठते, काळ्या धुराचा थर हळूहळू खाली उतरतो आणि वरच्या थराचे तापमान ५०० ते ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचले की खोलीतील सर्व वस्तू जवळजवळ एकाच क्षणी पेट घेतात. या अवस्थेला फ्लॅशओव्हर म्हणतात आणि ती आल्यावर त्या खोलीत कोणीही वाचत नाही. आजच्या सामानाने भरलेल्या खोलीत ही अवस्था ३ ते ५ मिनिटांत येऊ शकते, तर जुन्या पद्धतीच्या सामानाच्या खोलीत तिला अर्ध्या तासाच्या जवळपास वेळ लागल्याचे प्रयोगांत दिसले आहे.

अग्निशमन दलाची गाडी कितीही तत्परतेने निघाली, तरी ३ मिनिटांत ती तुमच्या दारात पोचेल असे धरून चालता येणार नाही. पहिल्या काही मिनिटांतले सर्व निर्णय घरातल्यांनाच घ्यावे लागतात. खालची बहुतेक उत्तरे हे निर्णय आधीच कसे घेऊन ठेवावेत, याविषयीच आहेत.

माणसे भाजून जातात की धुराने?

घरातील आगीत धूर हा ज्वाळेइतकाच, बरेचदा तिच्यापेक्षा अधिक घातक असतो. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या वस्तूंतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. फोम, नायलॉन आणि लोकर जळताना हायड्रोजन सायनाइडही निघतो. काही श्वासांतच गोंधळल्यासारखे होते, पाय लटपटतात आणि ओळखीचे दारही सापडत नाही.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे, नागपूरपासून तासाभराच्या अंतरावरील भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात लागलेल्या आगीत दहा बालके गेली. त्यांतील तीन भाजल्याने आणि सात गुदमरल्याने दगावल्याचे तेव्हा शासनाने सांगितले होते. ती घटना घरातली नव्हती, पण धुराचे काम घरातही तसेच चालते. झोपेत वास येऊन आपल्याला जाग येईल, हा भरवसाही फोल आहे, कारण गाढ झोपेत वासाची जाणीव फारशी उरत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तर झोप आणखी गाढ करतो.

प्रत्येक आगीचे कारण ‘शॉर्ट सर्किट’ असेच का छापून येते? खरे कारण काय असते?

शॉर्ट सर्किट हा शब्द सोयीचा आहे, कारण तो उच्चारला की कोणाचाच दोष उरत नाही. प्रत्यक्षात दोन तारा एकमेकींना भिडण्याच्या आधी बराच काळ काहीतरी बिघडत आलेले असते.

सर्वांत अधिक आढळणारा बिघाड म्हणजे सैल जोड. बोर्डातील स्क्रू ढिला असला, तारा नुसत्या पिळून वर चिकटपट्टी गुंडाळली असली किंवा तांब्याची तार अॅल्युमिनियमच्या तारेला थेट जोडली असली, की त्या जागी विरोध वाढतो आणि विजेचा प्रवाह तेथे उष्णता निर्माण करतो. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते, हा शाळेत शिकलेला नियम येथे अक्षरशः लागू पडतो. प्लगभोवतीचे प्लास्टिक पिवळे पडणे, बटण गरम लागणे, पंखा लावताच दिवा मंदावणे, बोर्डातून तडतड आवाज येणे किंवा जळक्या मासळीसारखा वास येणे ही सर्व त्याचीच लक्षणे आहेत, आणि त्यांपैकी एक जरी दिसले तरी वायरमनला त्याच दिवशी बोलवावे.

दुसरे कारण म्हणजे अतिरिक्त भार. दीड टनाचा एसी साधारण ७ ते ८ अँपिअर प्रवाह घेतो आणि २,००० वॅटचा गीझर किंवा इंडक्शन शेगडी जवळपास ९ अँपिअर. पंख्या-दिव्यांसाठी टाकलेल्या दीड चौरस मिलिमीटरच्या तारेवर, ६ अँपिअरच्या प्लगमधून, एक्स्टेंशन बोर्ड लावून ही उपकरणे चालवली जातात तेव्हा भिंतीतली तार हळूहळू शिजत असते. एसी आणि गीझरसाठी मुख्य बोर्डापासून स्वतंत्र, साधारण ४ चौरस मिलिमीटरची तार आणि मोठा प्लग असावा. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी बांधलेल्या घरांत तशी तार बहुधा नसते, कारण तेव्हा घरात एसी येईल असे कोणी गृहीतच धरले नव्हते.

नागपूरच्या बाबतीत यात एक भर पडते. साध्या पीव्हीसी आवरणाची तार ७० अंशांपर्यंत तापण्यासाठी बनवलेली असते. नवतपात बाहेर ४५ अंश असताना, दिवसभर उन्हात भाजलेल्या पश्चिमेच्या भिंतीतली तार मुळातच गरम असते आणि तिची भार वाहण्याची क्षमता तेवढी घटलेली असते. नेमका त्याच रात्री प्रत्येक खोलीतला एसी आणि कूलर चालू असतो. हिवाळ्यात निमूटपणे चालणारी वायरिंग मे महिन्यात दगा देते ती यामुळे. याशिवाय माळ्यावर उंदीर आवरण कुरतडतात, तोही प्रकार जुन्या वस्त्यांत नित्याचा आहे.

घरात एमसीबी बसवले आहे. तेवढे पुरेसे नाही का?

नाही. एमसीबी म्हणजे मुख्य बोर्डातील आपोआप वीज तोडणारा स्विच; ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक प्रवाह गेला तरच तो पडतो. सैल जोडात प्रवाह मर्यादेतच असतो, म्हणून जोड लाल होईपर्यंत तापला तरी एमसीबीला त्याची खबर नसते. त्याच्या जोडीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा. गळती होऊन प्रवाह जमिनीकडे जाऊ लागला की तो वीज तोडतो आणि पाण्याच्या कूलरला हात लागून बसणाऱ्या धक्क्यापासूनही वाचवतो. त्यावरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे.

एमसीबी वारंवार पडतो म्हणून १६ अँपिअरच्या जागी ३२ अँपिअरचा बसवून घेण्याची पद्धत मात्र आत्मघातकी आहे. तार तीच राहते आणि तिचा रखवालदार तेवढा झोपी जातो. घरातील एकूण वापर मंजूर भारापेक्षा वाढला असल्यास महावितरणकडे भार वाढवून घ्यावा आणि त्याआधी वायरिंग बदलावी, क्रम उलटा करू नये.

कूलरमुळे आग लागू शकते का? त्यात तर पाणी असते.

लागू शकते. फेब्रुवारीच्या अखेरीस गच्चीवरून किंवा जिन्यातून उतरवलेला कूलर धूळ झटकून थेट सुरू केला जातो. आठ महिने पडून असलेल्या मोटारीचे बेअरिंग जाम झालेले असते, मोटार फिरत नाही पण प्रवाह घेत राहते, आणि तिच्या तिन्ही बाजूंना खशीच्या कोरड्या ताट्या असतात. पाणी तळाशी असते आणि वरची ताटी वाळलेल्या गवतासारखी पेटते. हंगामाच्या आरंभी मोटार हाताने फिरवून पाहावी, तेल द्यावे, वायर आणि अर्थिंग तपासून घ्यावे आणि ताट्या भिजल्याशिवाय पंखा रात्रभर सोडू नये. पाणी भरताना प्लग काढावा, केवळ बटण बंद करून भागत नाही.

स्वयंपाकघरात गॅसचा वास आला तर सर्वप्रथम काय करावे?

रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि सर्वांना बाहेर काढावे. विजेचे कोणतेही बटण लावू नये आणि चालू असलेले बंदही करू नये, कारण ठिणगी दोन्ही वेळी पडते. एक्झॉस्ट पंखा लावून गॅस बाहेर काढण्याचा विचार हमखास मनात येतो, आणि अनेक स्फोट त्याच क्षणी झालेले आहेत. दाराची बेल वाजवू नये, फोन बाहेर जाऊन करावा. फ्रिज स्वयंपाकघरात असेल तर त्याचा कॉम्प्रेसर आपोआप सुरू होतानाची ठिणगीही पुरेशी ठरते, म्हणून मुख्य स्विच घराबाहेर किंवा दूरच्या खोलीत असेल तर तेथून संपूर्ण वीज बंद करावी, पण स्वयंपाकघरातच असेल तर त्याला हात लावू नये. गॅसगळतीसाठी १९०६ हा क्रमांक चोवीस तास चालतो.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो वर जात नाही. ओट्याखाली, मोरीत, पलंगाखाली पाण्यासारखा साचतो. हवेत त्याचे प्रमाण साधारण २ टक्के झाले की तो पेटण्याजोगा होतो. आठ बाय दहा फुटांच्या स्वयंपाकघराचा हिशेब केला तर १४.२ किलोच्या सिलिंडरमधला जेमतेम किलोभर गॅस त्यासाठी पुरतो, आणि तो खाली साचत असल्याने प्रत्यक्षात त्याहून कमीही पुरतो. म्हणूनच त्यात मुद्दाम तीव्र वासाचे मर्कॅप्टन मिसळलेले असते. सर्दीने नाक बंद असलेल्या किंवा वयोवृद्ध माणसाला तो वास येईलच असे नाही, हेही ध्यानात ठेवावे.

सिलिंडर आणि नळीची मुदत कशी ओळखावी?

सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर आतल्या बाजूस एक अक्षर आणि वर्षाचे दोन अंक असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर आणि डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. त्या तिमाहीनंतर सिलिंडरची चाचणी होणे आवश्यक असते, म्हणून उलटून गेलेल्या तारखेचा सिलिंडर घेऊ नये. नारिंगी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलावी, तडा दिसल्यास लगेच बदलावी. ओट्याच्या टोकावर घासून तिचा एक भाग चपटा झालेला असतो, तो बोटाने चाचपावा. गळती पाहायची ती साबणाच्या फेसाने पाहावी. काडी पेटवून पाहणारे महाभाग अजूनही आहेत.

कढईतल्या तेलाने पेट घेतल्यास पाणी का टाकू नये?

पाणी तेलापेक्षा जड असल्याने तळाशी जाते आणि तेथे क्षणात वाफ होऊन सुमारे १,७०० पट फुगते. ती वाफ पेटलेले तेल छतापर्यंत उडवते. गॅस बंद करावा, मोठे सपाट झाकण किंवा परात बाजूने सरकवत कढईवर ठेवावी आणि ती पूर्ण थंड होईपर्यंत उघडू नये. कढई उचलून अंगणात नेण्याचा प्रयत्न करू नये, कारण पेटते तेल पायावर सांडते ते तेव्हाच. तेलातून सतत धूर येऊ लागणे ही पहिली सूचना असते आणि त्यापुढे तापत राहिल्यास साधारण ३५० अंशांच्या पुढे ते ज्योतीशिवायही पेटते. सावजी रस्सा असो की रविवारचे वडे, आच मोठी ठेवून फोन घेण्यासाठी दुसऱ्या खोलीत जाऊ नये, एवढे पथ्य पाळले तरी अशा आगी बहुतांशी टळतील.

देवघरातील दिवा रात्रभर ठेवला तर चालेल का?

नवरात्रातील अखंड ज्योत अनेक घरांत असते आणि ती ठेवू नका असे सांगून कोणी ऐकणार नाही, सांगणेही योग्य नाही. मात्र लाकडी देवघराच्या आत, कापडी छताखाली, शेजारी कापसाची वस्त्रे आणि कापराची डबी अशी रचना नसावी. ज्योत खोलगट पितळी परातीत वाळू पसरून त्यावर ठेवावी, काचेची चिमणी घालावी आणि वरच्या बाजूला किमान दोन-तीन फूट मोकळे असावे. उंदीर पेटती वात ओढून नेतात, ही ऐकीव गोष्ट नाही. महालक्ष्म्यांच्या मखरात थर्माकोल, जरीची साडी आणि स्वस्त दिव्यांच्या माळा यांचा संयोग असतो. त्या माळा झोपण्यापूर्वी प्लगमधून काढाव्यात.

ई-स्कूटर आणि इन्व्हर्टर घरात असल्यास कोणती काळजी घ्यावी?

लिथियम बॅटरीतील एक घट बिघडून तापला की शेजारच्या घटाला तापवतो आणि ही साखळी आतल्या आत चालू राहते. ज्वाळा विझल्यासारखी दिसली तरी बॅटरी पुन्हा पेट घेते. पावडरच्या अग्निशामकाने वरची ज्वाळा दबते, आतली उष्णता कमी होत नाही; त्यासाठी भरपूर पाणी लागते आणि ते काम अग्निशमन दलाचे आहे. बॅटरीतून पांढरा धूर किंवा फुसफुस आवाज येताच घर सोडावे. दुपारच्या उन्हातून आणलेली बॅटरी लगेच चार्जिंगला न लावता अर्धा-पाऊण तास सावलीत थंड होऊ द्यावी, कंपनीचाच चार्जर वापरावा आणि चार्जिंग कधीही दाराजवळ किंवा जिन्याखाली करू नये, कारण तेथे लागलेली आग बाहेर पडण्याची वाटच अडवते.

इन्व्हर्टरच्या जुन्या पद्धतीच्या बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन सुटतो. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की तो पेटू शकतो. बंद कपाटात किंवा देवघराखालच्या कप्प्यात ती बॅटरी ठेवणे म्हणूनच चुकीचे आहे.

चोरीच्या भीतीने खिडक्यांना ग्रिल आणि दाराला कुलूप असते. ते काढावे काय?

काढण्याची गरज नाही, पण उघडता आले पाहिजे. या एका प्रश्नावर मी अधिक आग्रही आहे, कारण आपण चोराला बाहेर ठेवण्यासाठी केलेली प्रत्येक व्यवस्था आगीच्या वेळी आपल्यालाच आत ठेवते. प्रत्येक झोपण्याच्या खोलीतील किमान एका खिडकीच्या ग्रिलला आतून उघडणारे दार असावे. त्याला कुलूप असल्यास किल्ली त्याच खिडकीजवळ, चोराचा हात पोचणार नाही पण घरातल्या मुलाचा पोचेल अशा खिळ्यावर असावी. मुख्य दाराच्या सरकत्या जाळीला रात्री कुलूप लावून किल्ली पाकिटात किंवा उशीखाली ठेवण्याची सवय मोडावी. वीज गेलेली आहे, धूर आहे आणि हात थरथरत आहेत, अशा वेळी ती किल्ली सापडत नाही. एखाद्या रविवारी घरातील प्रत्येकाने डोळे मिटून पलंगापासून दारापर्यंत चालून कुलूप उघडून पाहावे. आमच्या घरी हा प्रयोग केला तेव्हा पहिल्याच फेरीत चपलांचा स्टँड आडवा आला; तो दुसऱ्याच दिवशी हलवला.

झोपताना खोल्यांची दारे लोटून घ्यावीत. साधे लाकडी दारही धूर आणि उष्णता काही मौल्यवान मिनिटे अडवते.

महाल, इतवारीसारख्या जुन्या वस्त्यांत वेगळा धोका आहे काय?

आहे. खाली दुकान किंवा गोदाम, वर कुटुंब, आणि दोहोंना मिळून एकच अरुंद लाकडी जिना अशी रचना तेथे जागोजागी दिसते. आग खाली लागली की जिना धुराड्यासारखे काम करतो. एकमेकांना चिकटलेल्या घरांच्या लाकडी तुळया आणि पाटया आग शेजाऱ्याकडे पोचवतात. शिवाय बोळीत मोठा बंब शिरत नाही. पाइप लांबून ओढत आणावा लागतो आणि तोंडाशी उभ्या केलेल्या दुचाक्या हलवण्यातच वेळ जातो. अशा घरात गच्चीवरून शेजारच्या गच्चीवर जाण्याची वाट शेजाऱ्यांशी बोलून आधीच ठरवून ठेवावी आणि गच्चीच्या दाराला कुलूप लावू नये.

सदनिकेत राहतो. आग वेगळ्या मजल्यावर असेल तर खाली पळावे की घरातच थांबावे?

आग आपल्याच घरात असेल तर बाहेर पडून दार ओढून घ्यावे आणि जिन्याने उतरावे. लिफ्ट कधीही वापरू नये. वीज गेली की ती मध्येच अडकते आणि तिची पोकळी धुराने भरते. आग दुसरीकडे असेल तर आधी दाराला हाताची मागची बाजू लावून पाहावी. दार गरम असेल किंवा जिना धुराने भरलेला असेल तर त्या धुरात उतरू नये. दार बंद ठेवावे, फटीत ओली चादर किंवा टॉवेल दाबावा, रस्त्याकडील खिडकीत किंवा गॅलरीत जावे आणि तेथून फोन करून आपला मजला कळवावा. धुरातून जाणे भागच पडले तर गुडघ्यांवर, जमिनीलगत जावे, कारण श्वास घेण्याजोगी हवा तेथेच उरलेली असते.

जिन्यातली सामग्री हा सोसायट्यांतील जुना तंटा आहे. दिवाळीनंतर झाकून ठेवलेले कूलर, मुलांच्या सायकली, रद्दीचे गठ्ठे. हे सारे ज्या वाटेने आपण उतरणार त्याच वाटेवर असते. मी स्वतः यावरून दोनदा वाईटपणा घेतलेला आहे आणि पुन्हा घेईन.

घरासाठी कोणते अग्निशामक यंत्र घ्यावे?

आयएसआय चिन्हाचे, २ ते ४ किलोचे एबीसी पावडरचे यंत्र लाकूड-कापड, तेल-पेट्रोल आणि गॅस या तिन्ही प्रकारांना आणि विजेच्या आगीलाही चालते. ते स्वयंपाकघरात शेगडीच्या डोक्यावर न टांगता दाराजवळ टांगावे, म्हणजे आगीकडे न जाता ते हाती येते. पिन ओढावी, नळीचे तोंड ज्वाळेच्या बुडाशी धरावे, मूठ दाबावी आणि डावीउजवीकडे फिरवावे. एवढ्या लहान यंत्रातील पावडर १० ते १५ सेकंदांत संपते. म्हणून आग कचऱ्याच्या टोपलीएवढी असेल, दार आपल्या पाठीशी असेल आणि कोणीतरी आधीच फोन करत असेल, तरच ते वापरावे. दाब दाखवणारा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, ते अधूनमधून पाहावे.

धुराची सूचना देणारे यंत्र आपल्याकडे उपयोगाचे आहे काय? फोडणीनेच वाजेल.

स्वयंपाकघरात बसवल्यास निश्चितच वाजेल आणि चौथ्या दिवशी कोणीतरी त्याची बॅटरी काढून ठेवील. ते झोपण्याच्या खोल्यांबाहेरील पॅसेजच्या छताला, स्वयंपाकघरापासून दूर लावावे. बॅटरीवर चालणारे यंत्र अग्निशामकापेक्षा स्वस्त मिळू शकते, आणि माझ्या मते दोहोंपैकी एकच घेणे शक्य असेल तर हेच आधी घ्यावे.

अग्निशमन दलाला फोन करताना काय सांगावे?

१०१ किंवा ११२ लावावा. नागपुरात सारख्या नावाची नगरे आणि ले-आउट इतके आहेत की नुसत्या नावाने गाडी चुकते. जवळचा चौक, मंदिर किंवा शाळा सांगावी. मजला कोणता, आत कोणी अडकले आहे काय, सिलिंडर किती आहेत, गल्लीत मोठी गाडी वळेल काय, हे सांगावे आणि समोरच्याने ठेवेपर्यंत फोन ठेवू नये. एकाने चौकात जाऊन उभे राहावे.

कपड्यांनी पेट घेतला किंवा कोणी भाजले तर?

पळू नये, पळण्याने ज्वाळेला हवा मिळते. जमिनीवर आडवे होऊन लोळावे. दुसऱ्याने घोंगडी किंवा जाड सुती चादर लपेटावी. नंतर भाजलेल्या भागावर २० मिनिटे साधे गार पाणी सोडावे. एप्रिल-मे मध्ये दुपारी नळ थेट सोडू नये, कारण गच्चीवरील टाकीतले पाणी चटका बसण्याइतके तापलेले असते. घरातील पिंपातले किंवा माठातले पाणी वापरावे. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद, तूप यांपैकी काहीही लावू नये. अंगठी आणि बांगड्या सूज येण्यापूर्वी काढाव्यात, चिकटलेले कापड ओढू नये, स्वच्छ ओल्या कापडाने झाकून १०८ वर रुग्णवाहिका मागवावी. धुरात सापडलेला माणूस वरून ठीक दिसला तरी त्याला मेडिकल, मेयो किंवा जवळच्या रुग्णालयात न्यावेच, कारण श्वासनलिकेची सूज काही तासांनीही वाढू शकते.

इमारतीतील अग्निसुरक्षेची जबाबदारी कायद्याने कोणाची आहे?

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा डिसेंबर २००८ पासून अमलात आहे. तो ज्या इमारतींना लागू होतो तेथील यंत्रणा चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची असते आणि परवानाधारक संस्थेकडून तसे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, सादर करावे लागते. हे काम बांधकाम व्यावसायिकाचे आहे, असे समजून कित्येक सोसायट्या वर्षानुवर्षे बसून राहतात आणि होजच्या पेटीत झाडू ठेवतात. १९४४ च्या मुंबई गोदीतील स्फोटाच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. त्या काळात महापालिकेच्या अग्निशमन विभागाकडे सोसायटीने प्रात्यक्षिकाची लेखी मागणी करावी. देशभरातील अग्निशमन अधिकाऱ्यांना शिकवणारे राष्ट्रीय महाविद्यालय ज्या शहरात आहे, त्या शहरातील रहिवाशांना अग्निशामकाची पिन कोणती हे ठाऊक नसावे, हे जरा लाजिरवाणेच आहे.

आग विझल्यानंतर घरात केव्हा जावे?

अग्निशमन अधिकाऱ्याने परवानगी दिल्यावरच. धुमसणारी गादी तासांनंतरही पुन्हा पेटते आणि कार्बन मोनॉक्साइड बंद खोलीत रेंगाळतो. वायरमनने तपासल्याशिवाय मुख्य स्विच वर करू नये. काही हलवण्यापूर्वी छायाचित्रे काढावीत, पोलीस पंचनामा आणि अग्निशमन विभागाचा दाखला घ्यावा, गॅसशी संबंध असल्यास वितरकाला लेखी कळवावे. १ एप्रिल २०२१ पासून सर्व सामान्य विमा कंपन्यांकडे ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारख्या अटींची पॉलिसी मिळते. तीत घराच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, घरातील सर्वसाधारण सामानही समाविष्ट असते. दागिने मात्र त्यात आपोआप येत नाहीत, त्यांची नोंद वेगळी करावी लागते. उघड्यावर राहिलेले धान्य, पीठ आणि औषधे धुराच्या संपर्कात आली असल्यास टाकून द्यावीत, डबा वरून कितीही स्वच्छ दिसत असला तरी.